नेलपॉलिशच्या बाटलीत काय असतं, आणि ते कुणाला बाधतं?

मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात पंचविशीतली एक मुलगी माझ्याकडे आली. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं लाल, कोरडी, भेगाळलेली. उजव्या हाताची दोन नखं टोकाकडून सुटून वर आलेली. पावसाळा, ओले हात, सुटलेली नखं... मी फंगस म्हणून मोकळा झालो. मलम दिलं, गोळ्या दिल्या, हात कोरडे ठेवायला सांगितलं. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा बोटं होती तशीच होती आणि आता पापण्याही सुजल्या होत्या. पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न मी तेव्हा कुठे विचारला, "तू काम काय करतेस?"

"पार्लरमध्ये नेल आर्ट करते, डॉक्टर. जेल पॉलिश, एक्स्टेन्शन. दिवसाला पाच-सहा क्लायंट होतात."

फंगस नव्हतंच. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट झाली आणि जेल पॉलिशमधल्या मेथाक्रिलेट गटातल्या रसायनांची अ‍ॅलर्जी निघाली. रिपोर्ट घेऊन आली तेव्हा तिनं मला विचारलं, "म्हणजे नेलपॉलिश विषारी असतं का? मग एवढ्या बायका लावतात, त्यांना का नाही काही होत?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर ओपीडीतल्या दहा मिनिटांत बसत नाही. म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकतो. महिन्यातून दोन-चार वेळा साधं नेलपॉलिश लावणाऱ्या बाईनं घाबरण्यासारखं त्यात फारसं काही नाही. घाबरायचं तर दुसऱ्या दोघींसाठी. एक, जी दिवसभर दुसऱ्यांच्या नखांना हे लावते. आणि दुसरी, जी ऑनलाइन जेल किट मागवून घरी बसून स्वतःच प्रयोग करते. आपल्याकडे मात्र चर्चा होते ती पहिल्या, निरुपद्रवी बाईच्या बाटलीची.

आता बाटली उघडून बघू.

साधं नेलपॉलिश म्हणजे रंगीत लाखेचा पातळ थर. इंग्रजीतला 'लॅकर' हा शब्द आपल्या लाखेवरूनच गेलेला आहे. संस्कृतातली लाक्षा भाषांभाषांतून फिरत तिकडे पोचली. आजच्या बाटलीत लाख नसते, तिच्या जागी नायट्रोसेल्युलोज असतं. कापूस किंवा लाकडाचा लगदा घ्यायचा, त्यातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडची क्रिया करायची, की हा पदार्थ मिळतो. १८४६ साली श्यॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे तो जगापुढे आणला तेव्हा लोकांना त्याचा पहिला उपयोग सुचला तो दारूगोळ्याचा. त्यातलं नायट्रोजनचं प्रमाण १३ टक्क्यांच्या जवळ नेलं की तो कापूस बंदुकीच्या दारूसारखा भडकतो. १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवलं की तो द्रावकात छान विरघळतो आणि सुकल्यावर कडक, चकचकीत पापुद्रा धरतो. यातच कापूर घातला की सेल्युलॉइड होतं, ज्याच्यावर जुने चित्रपट छापले जायचे. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून कितीतरी चित्रपट कायमचे गेले, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. ती फिल्म आणि तुमच्या ड्रेसिंग टेबलावरची बाटली ही रसायनाच्या नात्यानं चुलत भावंडं आहेत. म्हणून देवघरातल्या समईजवळ किंवा गॅसच्या ओट्याशी उभं राहून नेलपॉलिश लावू नका. हा सल्ला मी कर्करोगाच्या भीतीपेक्षा कितीतरी जास्त गंभीरपणे देतो.

हे नायट्रोसेल्युलोज ज्यात विरघळवलेलं असतं तो द्रावक म्हणजे बाटलीतला सगळ्यात मोठा वाटेकरी, जवळजवळ ७० टक्के. मुख्यतः इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट. पिकलेल्या फळासारखा जो वास येतो तो यांचाच. पहिला ७७ अंशांना उकळतो, दुसरा १२६ ला. म्हणजे एक झटकन उडून जातो आणि दुसरा मागे रेंगाळतो. दोन्ही झटकन उडणारे असते तर वरची साय आधी धरून आत बुडबुडे राहिले असते. दोन्ही रेंगाळणारे असते तर तुम्ही तासभर बोटं फाकून बसला असतात. हा मेळ जमवणं हीच नेलपॉलिश बनवणाऱ्याची खरी कारागिरी.

नुसतं नायट्रोसेल्युलोज सुकल्यावर ठिसूळ होतं आणि नखाला नीट धरतही नाही. म्हणून त्यात एक राळेसारखा पदार्थ घालतात, आणि लवचीकपणासाठी कापूर, सायट्रेट, पूर्वी डायब्युटाइल थॅलेट, पुढे ट्रायफिनाइल फॉस्फेट असं काहीतरी. रंग तळाशी बसू नये म्हणून एक खास प्रकारची माती असते. ती बाटलीत स्वस्थ असताना घट्ट राहते आणि ब्रशनं हलवलं की सैल होते. मग रंग, अभ्रकाची चमक, टायटॅनियमचा पांढरा. मोत्यासारखी झळाळी एके काळी माशांच्या खवल्यांतून काढलेल्या पदार्थानं आणत असत. हलवल्यावर टकटक वाजतात त्या छोट्या गोळ्या फक्त मिसळण्यासाठी असतात, हे शाळकरी मुलींकडून येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर.

त्या राळेसारख्या पदार्थाबद्दल एक गंमत सांगायची आहे, म्हणजे पेशंटला गंमत वाटत नाही, पण निदान करणाऱ्याला वाटते. टोसिलअमाइड-फॉर्मल्डिहाइड रेझिन असं त्याचं लांबलचक नाव. याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाईची बोटं बहुतेक वेळा ठणठणीत असतात. पुरळ उठतं ते पापण्यांवर, गालावर, मानेवर, कानाच्या मागे. नखाभोवतीची कातडी जाड असते, पापणीची कागदासारखी पातळ. आपण दिवसभरात किती वेळा डोळ्याला, मानेला हात लावतो ते आपल्याला कळतही नाही. अशा बाया काजळ बदलतात, साबण बदलतात, चष्म्याची फ्रेम बदलतात. नेलपॉलिश कुणाच्या डोक्यातच येत नाही. पापण्यांवर वारंवार खाज आणि चट्टे येत असतील तर तीन-चार आठवडे नखं पूर्ण कोरी ठेवून बघा. या तपासणीला पैसे पडत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, ज्यावरून साधं पॉलिश आणि जेल पॉलिश यांची वाट वेगळी होते. साधं नेलपॉलिश सुकतं म्हणजे त्यातला द्रावक उडून जातो, एवढंच. कुठलीही रासायनिक क्रिया नखावर घडत नाही. मिठाच्या पाण्यातलं पाणी आटलं की मीठ उरतं, आणि परत पाणी घातलं की ते परत विरघळतं, तसंच. म्हणून रिमूव्हरचा बोळा फिरवला की पॉलिश निघून येतं. जेल पॉलिशचं तसं नाही. त्यात मेथाक्रिलेट गटातले छोटे छोटे रेणू असतात, सोबत प्रकाशानं जागा होणारा एक पदार्थ असतो. निळसर-जांभळ्या दिव्याखाली हात धरला की तो पदार्थ ठिणगी टाकतो आणि हे सुटे रेणू एकमेकांचे हात धरून जाळं विणतात. कच्चं अंडं उकडल्यावर परत कच्चं होत नाही, तसं हे जाळं परत सुटत नाही. म्हणूनच जेल दोन-तीन आठवडे टिकतं, आणि म्हणूनच ते काढायला अ‍ॅसिटोनमध्ये बोटं दहा-पंधरा मिनिटं भिजवून खरवडावं लागतं. त्या खरवडण्यात नखाचे वरचे पापुद्रे जातात. "जेलनं माझी नखं पातळ झाली" असं सांगणाऱ्या बहुतेकींची नखं जेलनं नव्हे, तर ते ओढून, कानशीनं घासून काढल्यामुळे पातळ झालेली असतात.

जाळं पूर्ण विणलं गेलं तर ते नखावरचं निर्जीव प्लास्टिक आहे, सहसा त्रास देत नाही. त्रास देतात ते जाळ्यात न अडकलेले सुटे रेणू. त्यांतलं सगळ्यात बदनाम नाव हेमा. हे माणसाचं नाव नाही, हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेटचं लघुरूप आहे. (माझ्या एका पेशंटचं नावच हेमा. तिला हे सांगितलं तेव्हा ती दुखावली गेली होती.) कच्चं जेल कातडीला लागलं, थर जाड झाला, दिवा त्या जेलसाठी योग्य नसला, वेळ कमी पडला, की हेमा सुटं राहतं आणि कातडीतून आत शिरतं. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनं एकदा त्याला शत्रू म्हणून ओळखलं की ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. बोटांची टोकं फुटतात, नखं सुटतात, कधी बधिरपणा येतो. फंगससारखं दिसतं, आणि माझ्यासारखा डॉक्टर फसतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर "जेल लावू नका" म्हणून मी विषय संपवला असता. पण याच गटातली रसायनं दुसरीकडे फार उपयोगाची आहेत. दात भरताना सिमेंट धरून राहावं म्हणून दंतवैद्य जो चिकट थर लावतात त्यात बहुधा हेमा असतं. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम सांधा हाडात बसवायला जे सिमेंट वापरतात ते मेथाइल मेथाक्रिलेटपासून बनतं. मधुमेहात दंडावर चिकटवायच्या काही सेन्सरच्या गोंदात याच मोठ्या कुटुंबातले अ‍ॅक्रिलेट असतात. विसाव्या वर्षी हौसेसाठी घेतलेली अ‍ॅलर्जी साठाव्या वर्षी हाडांच्या डॉक्टरांसमोर अडचण होऊन उभी राहू शकते. प्रत्येकीच्या बाबतीत असं होईल असं नाही, पण नोंद ठेवावी लागते, आधी सांगावं लागतं, पर्याय शोधावे लागतात. मला नेलपॉलिशच्या संदर्भात खरी काळजी वाटते ती याची. आणि नेमकी याचीच पोस्ट कधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत नाही.

युरोपीय संघानं २०२० मध्ये नियम केला की हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनीच वापरायची, घरगुती ग्राहकांनी नाही. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही घरगुती जेल किटबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. आपल्याकडे बटण दाबलं की दिव्यासकट किट दोन दिवसांत घरी येतं, आणि दहावीची परीक्षा संपलेली मुलगी मैत्रिणींच्या वीस बोटांवर हात साफ करून घेते. आईवडिलांना मी स्पष्ट सांगतो: साधं नेलपॉलिश हवं तेवढं लावू दे, पण हे किट घरात आणू नका. फारच हट्ट असेल तर अनुभवी हाताकडून करून घ्या, आणि कातडीला जेल लागलं तर दिव्याखाली हात धरण्याआधी ते पुसायला सांगा.

मध्यंतरी टीपीओ या पदार्थाची बातमी गाजली. ठिणगी टाकणारा जो पदार्थ म्हटला, तोच हा. १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघात तो असलेल्या सौंदर्यप्रसाधनांवर बंदी आली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत प्रजननक्षमतेवर परिणाम दिसला म्हणून खबरदारीचं वर्गीकरण झालं, आणि वर्गीकरण झालं की तिथला कायदा आपोआप बंदी आणतो. नखावर पक्क्या झालेल्या थरातून बाईच्या पोटात जाणारं प्रमाण आणि प्रयोगातल्या प्राण्यांना चारलेलं प्रमाण यांची तुलना होऊ शकत नाही. म्हणून जेल लावलेल्या भगिनींनो, रात्रीची झोप घालवू नका. दिव्याच्या अतिनील किरणांचंही तसंच. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून एक अभ्यास आला; काचेच्या बशीतल्या पेशी वीस मिनिटं या दिव्याखाली ठेवल्या तर वीस ते तीस टक्के मेल्या. पण बशीतल्या उघड्या पेशी आणि कातडीच्या थरांखाली असलेल्या पेशी यांत फरक आहे. नियमित करत असाल तर आधी हाताला सनस्क्रीन लावा किंवा बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे घाला. एवढं पुरे.

आता 'फ्री' या शब्दाबद्दल. बाटलीवर थ्री-फ्री, फाइव्ह-फ्री, टेन-फ्री असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. मूळ तीन म्हणजे टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट. हे तिघं गेले ते चांगलंच झालं. टोल्युइन हा थिनरमधला पदार्थ. थिनर हुंगणाऱ्या मुलांचे मेंदू त्यानं काय होतात ते सरकारी रुग्णालयात काम केलेल्या प्रत्येक डॉक्टरनं पाहिलेलं असतं. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. पण तीनाचे पाच, पाचाचे दहा झाले तेव्हा विज्ञानापेक्षा जाहिरात जास्त होती. या आकड्यांची कायद्यानं ठरलेली व्याख्या नाही. दहात काय मोजायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल-फ्री' लिहितात, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसताना, त्यातलाच हा प्रकार. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्यानं सलोनमधली २५ उत्पादनं तपासली. टोल्युइन नाही असा दावा करणाऱ्या १२ पैकी १० मध्ये टोल्युइन सापडलं!

आणि एक काढून दुसरं घालण्यातही आगीतून फुफाट्यात असं होऊ शकतं. थॅलेटच्या जागी अनेकांनी ट्रायफिनाइल फॉस्फेट घातलं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २६ स्त्रियांना असं पॉलिश लावून त्यांची लघवी तपासली. दहा-बारा तासांनी त्या रसायनाचा अंश सुमारे सात पट वाढलेला होता. हातमोजे घालून वरच्या कृत्रिम नखांना पॉलिश लावलं तेव्हा मात्र वाढ फारशी झाली नाही, म्हणजे ते वासातून नव्हे, बोटांतूनच आत गेलं होतं. सात पट वाढ म्हणजे आजार नव्हे, हे मी आवर्जून सांगतो. पण "नखातून काहीच आत जात नाही" असं जे सगळे समजत होतो (मीही), ते चुकीचं होतं.

तुम्ही म्हणाल, मग लेबल वाचून घेऊ. इथेच माझी खरी तक्रार आहे. आपल्या देशातल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत घटकांची यादी लेबलवर देण्याची सक्ती आहे, पण एका सवलतीसह: ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रवाच्या पॅकला ही यादी नसली तरी चालते. आता तुमच्या घरातली नेलपॉलिशची बाटली काढून बघा. सहा मिलिलिटर, आठ, फार तर पंधरा. म्हणजे बाजारातली झाडून सगळी नेलपॉलिश या सवलतीत बसतात. मोठ्या कंपन्या तरीही बॉक्सवर यादी छापतात, त्यांना त्याचं श्रेय द्यायला हवं. पण रविवारच्या बाजारात वीस-तीस रुपयांना मिळणारी बाटली, किंवा पार्लरला घाऊक मिळणारं बिनबॉक्सचं जेल? त्यावर नाव, रंगाचा नंबर आणि एक फूल. पापण्या सुजलेली बाई समोर बसलेली असताना मला तिच्या बाटलीत काय आहे हे कळण्याचा कायदेशीर मार्ग नाही. बाटली छोटी आहे म्हणून अक्षरं मावत नाहीत, ही सबब छोट्या गोळ्यांच्या पाकिटांबाबत कुणी ऐकून घेतली नसती. पुठ्ठ्याचा खोका आहे, आता क्यूआर कोड आहे. निदान नखांच्या उत्पादनांपुरती ही सवलत काढून टाकावी, असं माझं मत आहे.

ग्राहक आठवड्यातून एकदा दहा बोटांना मिळून जेमतेम अर्धा मिलिलिटर पॉलिश लावतो आणि पंख्याखाली बसतो. ते लावणारी मुलगी मात्र त्याच खोलीत दहा तास असते. एसी लावलेला, म्हणून खिडक्या बंद. एसी हवा थंड करतो, बदलत नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी पटत नाही लोकांना. या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते, ती टेबलाच्या पातळीवर साचते, आणि नेमकं तिथेच त्या मुलीचं नाक वाकलेलं असतं. संध्याकाळी डोकं दुखणं, मळमळ, घसा खवखवणं या तक्रारी घेऊन ती येते आणि आम्ही अ‍ॅसिडिटीची गोळी देतो. तोंडावर बांधलेला साधा मास्क नखं घासल्यावर उडणारी धूळ थोडीफार अडवतो. वाफ अजिबात अडवत नाही. त्यासाठी कार्बनचा थर असलेला मास्क लागतो. पातळ लॅटेक्सच्या हातमोज्यातून मेथाक्रिलेट काही मिनिटांत पार होतं. नायट्राइलचे घ्यावेत, आणि तेही एका क्लायंटनंतर फेकून द्यावेत. टेबलाजवळ, खालच्या पातळीवर हवा बाहेर ओढणारा पंखा असेल तर निम्मा प्रश्न सुटतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं नेल सलोनमधल्या हवेसाठी वेगळे नियम केले आहेत. आपल्याकडे सलोनच्या दारावर 'फुली एसी' लिहिणं हीच प्रतिष्ठा.

तुम्ही ग्राहक असाल तर एक करू शकता. पुढच्या वेळी पार्लरमध्ये गेल्यावर खिडकी उघडायला सांगा. "मला वासानं त्रास होतो" म्हणा, खोटं असलं तरी. मालकीण त्या मुलीच्या सांगण्यावरून उघडणार नाही, तुमच्या सांगण्यावरून उघडेल. आणि तिथे काम करणारी मुलगी गरोदर असेल तर ते नऊ महिने तिला केसांच्या किंवा थ्रेडिंगच्या कामावर घ्या, असं मी मालकांना सांगत आलो आहे. काहींनी ऐकलंही आहे.

रिमूव्हरबद्दल दोन वाक्यं. अ‍ॅसिटोन नख कोरडं करतं, त्यानंतर हाताला खोबरेल तेल चोळा, बाकी काही नाही. पण कृत्रिम नखं काढायच्या काही द्रावणांत पूर्वी अ‍ॅसिटोनाइट्राइल असायचं, ज्याचं शरीरात सायनाइड होतं. १९८० च्या दशकात अमेरिकेत एक दीड वर्षाचं मूल ते पिऊन दगावलं. बिननावाची बाटली असेल तर त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, एवढं लक्षात ठेवा आणि ती मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

"नैसर्गिक म्हणून मेंदी लावू का मग?" असं विचारणाऱ्यांसाठी: हिरवी मेंदी खुशाल लावा. लग्नात पटकन काळी रंगते ती मेंदी नव्हे, त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी मिसळलेलं असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी जेलइतकीच चिवट असते.

राहता राहिलं आमच्या, म्हणजे डॉक्टरांच्या, स्वार्थाचं. नखं श्वास घेत नाहीत, त्यामुळे त्यांना 'मोकळा श्वास' देण्यासाठी सुट्टी द्यायची गरज नाही. गडद लाल रंगानं नख पिवळं पडलं तर तो डाग आहे, कावीळ नव्हे. नखं महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतात, पाच-सहा महिन्यांत डाग आपोआप पुढे सरकून कापला जातो. पण आम्ही नखांत बरंच काही वाचतो. रक्त कमी असेल तर फिकटपणा, लोह फार कमी असेल तर चमच्यासारखं खोलगट नख, फुफ्फुसांच्या जुन्या आजारात फुगीर टोकं, क्वचित नखाखालची काळी रेघ जी कर्करोगाची असू शकते. मधुमेहाच्या पेशंटच्या पायाची नखं तर मला दर भेटीत बघायची असतात, आणि बारा महिने गडद पॉलिश असेल तर त्याखाली काय चाललंय ते तिलाही कळत नाही, मलाही नाही. तपासणीला येताना निदान दोन बोटं आणि पायाचे अंगठे कोरे ठेवून या. शस्त्रक्रियेच्या आधी भूलतज्ज्ञ सगळंच काढायला सांगतात ते उगाच नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत रात्री दीड वाजता एका मुलाचा फोन आला होता. आईचं ऑक्सिजन ९० दाखवतंय, बेड मिळत नाहीये. बाकी सगळं विचारल्यावर बाई बोलताना दमत नव्हत्या. मी विचारलं, नखांना रंग आहे का? होता, गडद निळा, भाचीच्या साखरपुड्याचा. घरात रिमूव्हर सापडेना, म्हणून ऑक्सिमीटर बोटाला आडवा लावायला सांगितला. ९५ आलं. निळा, काळा, हिरवा हे रंग यंत्राच्या प्रकाशाला अडवतात आणि आकडा दोन-चार अंकांनी खाली दाखवू शकतात. त्या रात्री त्या दोन-चार अंकांची किंमत एक रुग्णवाहिका होती.

ती पार्लरमधली मुलगी आता नखांचं काम करत नाही. केस आणि फेशियल करते, पगार थोडा कमी झाला, बोटं दोन-अडीच महिन्यांत भरून आली. परवा आली होती ती दाढ दुखते म्हणून. दंतवैद्यांकडे पाठवताना मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 'मेथाक्रिलेटची अ‍ॅलर्जी, पॅच टेस्टचा रिपोर्ट सोबत' असं लिहून दिलं, आणि त्याची एक प्रत लॅमिनेट करून कायम पर्समध्ये ठेवायला सांगितली.